जुन्या बाजारातील शाईची पेने : काय घ्यावे, किती दुरुस्त करावे

पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीट, अहमदाबादेत साबरमतीच्या काठी भरणारी रविवारची गुजरी, हैदराबादचा जुमेरात बाजार. शहर कोणतेही असो, कुलपे, घड्याळांचे पट्टे आणि चष्म्यांच्या काड्या यांच्या ढिगात चार-दोन शाईची पेने पडलेली दिसतातच. टोपण एका रंगाचे, दांडी दुसऱ्या रंगाची. क्लिप गंजलेली, निबेवर वाळलेल्या शाईचे निळेकाळे कवच. विक्रेता ती ‘बंद’ म्हणून विकतो आणि घेणाराही तशीच समजून घेतो. प्रत्यक्षात त्यांतील बरीचशी पेने मोडलेली नसतात. एक तर आत शाई वाळून तिची वाट बुजलेली असते, नाहीतर शाई साठवणारी रबरी पिशवी वयोमानाने कडक होऊन तडकलेली असते. पहिल्या दोषावर साधे पाणी हा उपाय आहे, दुसऱ्यावर नवी पिशवी. सत्तर-ऐंशी वर्षांचे पेन दोन दिवसांत लिहिते होते ते यामुळेच.

असे असूनही जुन्या पेनांची नासाडी मोठ्या प्रमाणावर होते, आणि ती काळापेक्षा माणसाच्या हातून अधिक होते. पेन हाती लागल्यानंतरचा पहिला तास सर्वांत धोक्याचा. उत्साहाच्या भरात ते उकळत्या पाण्यात बुडवले जाते, स्पिरिटने पुसले जाते, पकडीने पिरगाळले जाते, आणि तडा दिसला की त्यात झटपट चिकटणारा डिंक ओतला जातो. यांतील प्रत्येक कृती सहसा कायमची ठरते. दुसरा शत्रू सोन्याचा भाव. सोन्याची निब दिसली की ती उपसून आटणीत घालणारे व्यापारी कमी नाहीत. बहुतेक निबांचे वजन एक ग्रॅमही भरत नाही. तेवढ्या सोन्यासाठी उरलेले पेन भंगारात जाते. अशी निबेविना उरलेली पेने जुन्या बाजारांत आढळतात, आणि त्यांना पुन्हा तशीच निब मिळणे जवळजवळ अशक्य असते.

शाई बाहेर, हवा आत

जुने पेन पारखायचे तर त्याचे काम कसे चालते हे आधी समजले पाहिजे. शाई पोटात बाळगणाऱ्या लेखणीची कल्पना जुनीच. पण ती भरवशाची झाली ती न्यूयॉर्कमध्ये विमा व्यवसायात असलेल्या लुईस वॉटरमन यांना १८८४ मध्ये मिळालेल्या पेटंटनंतर. या सुधारणेचे मर्म जिभेत आहे. निबेच्या पोटाशी चिकटून बसणाऱ्या या काळ्या तुकड्यावर अतिशय बारीक चरे असतात. त्यांतून केशाकर्षणाने शाई निबेकडे उतरते आणि तिची जागा घेण्यासाठी हवा उलट दिशेने आत जाते. हवा आत गेली नाही तर शाई थांबते. प्रमाणाबाहेर गेली तर पेन ठिबकते, बोलीभाषेत सांगायचे तर ‘ओकते’. न चालणारे पेन आणि कागदावर डाग पाडणारे पेन हे दोन्ही याच देवघेवीतील बिघाडाचे परिणाम होत. फाउंटन पेनाला मराठीत ‘झरणी’ असा सुरेख प्रतिशब्द आहे. तो बोलण्यात रुळला नाही, पण शाई झरण्याची ही क्रिया त्याने नेमकी टिपली होती.

पेनांचे प्रकार पडतात ते शाई भरण्याच्या पद्धतीवरून, आणि दुरुस्ती सोपी की अवघड हेही त्यावरूनच ठरते. सर्वांत साधा प्रकार ड्रॉपरने भरायच्या पेनाचा. दांडी पोकळ असते. पकडीचा भाग फिरवून काढायचा, ड्रॉपरने शाई ओतायची आणि पुन्हा आटे बसवायचे. आत सुटा भागच नसल्यामुळे नादुरुस्त होण्यासारखे फारसे काही नसते. दुसरा प्रकार तरफेचा. दांडीच्या अंगाला बसवलेली बारीक धातूची तरफ उचलली की आतील पट्टी रबरी पिशवी दाबते, आणि तरफ सोडली की पिशवी फुगून शाई ओढून घेते. अमेरिकेतील आयोवा राज्यात जवाहिराचा व्यवसाय करणाऱ्या वॉल्टर शेफर यांनी १९०८ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे कित्येक दशके ब्रिटिश आणि अमेरिकी पेने, आणि त्यांच्या नमुन्यावर अन्यत्र तयार झालेली पेने, याच पद्धतीवर चालली. जर्मनीच्या पेलिकन कंपनीने १९२९ मध्ये दांडीच्या शेपटीकडील गोंडा फिरवून दट्ट्या वरखाली करण्याची पद्धत बाजारात आणली. पार्करच्या व्हॅक्युमॅटिकमध्ये १९३३ पासून शेपटीकडील दाबखटका रबरी पडद्याला हलवत असे आणि शाई थेट दांडीत साठत असे. हा पडदा बदलणे नवशिक्याचे काम नव्हे.

जुन्या बाजारात हाताशी आलेल्या पेनाला तरफ आहे की शेपटीला फिरणारा गोंडा, की यांपैकी काहीच नाही, एवढे पाहिले तरी पुढचे अर्धे गणित सुटते. एक पथ्य मात्र पाळावे. तरफ अडकलेली असेल तर ती जोर लावून उचलू नये. आतील पिशवी दगडासारखी झालेली असते. जोर लावल्यास तरफेचा काटा तुटतो किंवा दांडीच्या चिरेशी तडा जातो, आणि दोनशे रुपयांचे काम हजाराच्या घरात जाते.

स्वदेशीतून आलेली पेने

भारतातील जुन्या बाजारांत विदेशी पेनांइतकीच, किंबहुना अधिक, भारतीय पेने मिळतात आणि त्यांच्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. हे दुर्लक्ष अन्यायाचे आहे. विदेशी मालाला पर्याय उभा करण्याच्या चळवळीत लेखणीलाही स्थान होते. आंध्रातील राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी हाताने घडवलेले पेन महात्मा गांधींकडे पोहोचले, तेव्हा गांधीजींनी जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहून त्यांचे आभार मानले आणि बाजारातील विदेशी पेनांना ते चांगला पर्याय असल्याचा निर्वाळा दिला. राजमहेंद्रीत रत्नम आणि गाइडर या नावांनी पेने घडवण्याची परंपरा पुढेही टिकून राहिली. शाईच्या बाबतीतही तेच घडले. मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या भुकटीचा आणि वड्यांचा उद्योग सुरू केला. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. बंगालमध्ये १९३४ साली राजशाही येथे मैत्र बंधूंनी सुलेखा शाईची मुहूर्तमेढ रोवली. स्वातंत्र्यानंतर चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आले आणि शाळकरी मुलांपासून कारकुनांपर्यंत सर्वांच्या खिशाला देशी पेन लागले. मुंबईची विल्सन पेने त्या काळात घरोघरी परिचित होती.

या पेनांपैकी अनेक एबोनाइटची आहेत. रबरात भरपूर गंधक मिसळून ते दीर्घकाळ तापवले की लाकडासारखे कठीण आणि कातता येण्याजोगे द्रव्य तयार होते, ते एबोनाइट. त्याची कांडी लेथवर चढवून कारागीर दांडी, टोपण आणि जीभ कातून काढतो; साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या पेनाला ही घडण नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. दांडी अंगठ्याने जोरात चोळून नाकाशी धरावी. किंचित गंधकाचा, जळक्या रबराचा वास आला तर ते एबोनाइट. भारतीय एबोनाइट पेने बहुतांशी ड्रॉपरने भरायची असल्याने त्यांत कुजणारी पिशवी नसते, आणि म्हणूनच अडगळीत पन्नास वर्षे पडलेले असे पेन धुऊन-पुसून, आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावून त्याच दिवशी लिहू लागते. निब खराब असली तरी ती सहसा पोलादी आणि सर्वसाधारण मापाची असते. तिच्या जागी नवी बसवता येते. पहिल्यांदाच दुरुस्ती करून पाहणाऱ्याने सुरुवात करावी ती अशा पेनापासून.

त्याचा एक दोष मात्र पत्करावा लागतो. शाई एक तृतीयांशापेक्षा खाली गेली की दांडीतील हवेचे प्रमाण वाढते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईचा थेंब कागदावर पडतो. शाळेतील कित्येक सदऱ्यांच्या खिशांवरील निळे डाग याच कारणाने पडले. पेन बिघडल्याचे ते लक्षण नव्हे. वेळेवर शाई भरणे एवढाच त्यावर इलाज.

घेताना काय पाहावे

खिशात दहापट मोठे दाखवणारे भिंग असावे. जवाहीर वापरतात ते छोटे भिंग पुरेसे आहे. पहिली नजर निबेच्या अगदी टोकाकडे. निब सोन्याची असो वा पोलादाची, तिच्या टोकावर इरिडियम, ऑस्मियम यांसारख्या अतिकठीण धातूंच्या मिश्रणाचा सूक्ष्म मणी जोडलेला असतो. कागदावर घासला जातो तो हा मणी. निबेची चीर या मण्याला दोन भागांत विभागते. दोन्ही भाग सारखे आहेत का, एखादा झिजून तिरका झाला आहे का, की मणीच उडून गेला आहे, हे पाहावे. मणी गेला असेल तर तो पुन्हा जोडणारे कारागीर जगात मोजके आहेत आणि त्यांचे काम महागडे आहे. असे पेन केवळ सुट्या भागांसाठी घ्यावे. निबेवर ‘इरिडियम पॉइंट’ असे कोरलेले असले तर विक्रेते तिचा भाव चढवतात. ते शब्द सोन्याची खूण नव्हेत आणि दर्जाची हमीही नव्हेत. सोन्याच्या निबेवर सहसा १४ कॅरट किंवा ५८५ असा उल्लेख असतो. १४ कॅरट म्हणजे सुमारे साडेअठ्ठावन्न टक्के सोने, हा त्या आकड्याचा अर्थ.

वाकलेली निब बहुधा सरळ होते. तडकलेली निब होत नाही, आणि तडा सहसा चिरेच्या वरच्या टोकाशी असलेल्या छिद्राभोवती दडलेला असतो. टोपणाच्या कडेलाही नखाने चाचपावे. टोपण वारंवार घट्ट लावल्याने तिथे केसासारखी चीर पडते. ती डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. दांडीच्या आट्यांवरचा तडा त्याहून वाईट, कारण शाई नेमकी तिथून पाझरते. याउलट, रंग विटलेला धातू, काळवंडलेली क्लिप, शाईने माखलेली जीभ, ओरखडे, अडकलेली तरफ, घट्ट बसलेला आटा, या साऱ्या गोष्टी भाव पाडून मागण्यासाठी उत्तम; पेन नाकारण्यासाठी नव्हेत.

नावावर जाऊ नये, हा सल्ला पार्करच्या बाबतीत विशेष लागू पडतो. १९४१ मध्ये बाजारात आलेले पार्कर ५१ हे विसाव्या शतकातील सर्वाधिक नकला झालेल्या पेनांपैकी एक. निब जवळजवळ पूर्ण झाकणारे निमुळते आवरण आणि धातूचे टोपण हे त्याचे रूप. चिनी हिरो पेनांनी ते उचलले आणि भारतात कित्येक पिढ्यांनी हिरोवरच हात बसवला. हिरो हे आपल्या जागी चांगले पेन आहे. मात्र बाणाची क्लिप लावून ते पार्कर म्हणून विकले जाते तेव्हा घेणारा फसतो. दोन पेनांचे भाग जोडून केलेले तिसरे पेनही सर्रास आढळते. टोपण दांडीवर किंचित डुगडुगत असेल, दोन्हींच्या चकाकीत फरक असेल, तर शंका घ्यावी. अमेरिकी बनावटीच्या जुन्या व्हॅक्युमॅटिक आणि ५१ पेनांच्या दांडीवर, कंपनीच्या अक्षरांपाशी, एक अंक आणि काही वेळा शेजारी ठिपके असतात. अंक निर्मितीच्या वर्षाचा शेवटचा आकडा सांगतो, ठिपके तिमाही. ६ हा अंक व्हॅक्युमॅटिकवर असेल तर १९३६ की १९४६ हा प्रश्न पडतो. पार्कर ५१ वर तो असेल तर १९४६ हेच उत्तर, कारण १९३६ मध्ये ते पेन जन्मलेलेच नव्हते.

पार्कर ५१ बद्दल आणखी एक गोष्ट उपयोगाची आहे. १९४८ पासून त्यात रबराऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी आणि ती दाबण्यासाठी धातूची पट्टी बसवलेली नळी आली. ही पिशवी इतकी टिकाऊ निघाली की आजही त्यांतील पुष्कळ जशीच्या तशी चालतात. या पद्धतीचे पेन मिळाले तर ते उघडण्याच्या भानगडीत न पडता फक्त धुवावे.

पाणी, ऊब आणि धीर

दुरुस्तीचे पहिले साधन पाणी, तेही थंड किंवा नळाचे. निब आणि जीभ असलेला पकडीचा भाग पाण्यात बुडेल इतकेच पेन वाटीत उभे ठेवावे. पाणी निळे होईल, ते बदलावे. पुन्हा निळे होईल. कधी हा क्रम तीन-चार दिवस चालतो. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब चालतो. शेवटी ओल्या टोकाला टिपकागद किंवा जुने सुती कापड लावल्यावर रंग उमटला नाही म्हणजे वाट मोकळी झाली. पुष्कळ पेनांची दुरुस्ती इथेच संपते, आणि हे ज्याला सोसत नाही तो पुढच्या पायरीवर पेन मोडतो.

पाणी सर्वांना सारखे मानवत नाही. एबोनाइटची दांडी किंवा टोपण भिजत ठेवल्यास पृष्ठभागावरील गंधकाचे रूपांतर होऊन काळा रंग शेवाळी-तपकिरी पडतो. म्हणून बुडवायचा तो केवळ पकडीचा भाग, आणि तोही बेताने. दुधातील केसिनपासून बनवलेली जुनी, सुंदर रंगछटांची इंग्रजी पेने पाण्याने फुगतात; ती भिजवूच नयेत. सेल्युलॉइडला पाण्याचे भय नाही, पण स्पिरिट आणि ॲसिटोन त्याला विरघळवतात, आणि उष्णता तर त्याहून घातक. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ज्वालेजवळ नेले तर ते भडकते. जुन्या सेल्युलॉइडला कापराचा मंद वास असतो. त्याऐवजी आंबूस, नाकाला झोंबणारा वास येत असेल, पृष्ठभागाखाली स्फटिकांसारख्या भेगा दिसत असतील, तर ते कुजू लागले आहे. असे पेन घेऊ नये, आणि घरात असेल तर इतर पेनांपासून दूर, हवेशीर जागी ठेवावे. त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या पेनांच्या धातूलाही खाते.

तरफेच्या पेनाची पिशवी बदलायची तर पकडीचा भाग दांडीतून काढावा लागतो. तो आत घट्ट खोचलेला असतो, क्वचित आट्यांचा असतो. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा सांध्यावर फिरवत, पेन सतत हाताने तपासत राहावे. बोटांना सोसवेल त्याहून अधिक गरम होऊ देऊ नये. मग रबराचा तुकडा धरून हलके पीळ द्यावेत, थांबावे, पुन्हा ऊब द्यावी. अर्धा तास लागला तर लागू द्यावा. भाग निघाल्यावर दांडी उलटी करून थोपटली की जुन्या पिशवीचा काळा चुरा बाहेर पडतो. पकडीच्या भागाच्या मागील खुंटीवर चिकटलेले अवशेष बोथट पात्याने खरवडावेत. तरफेची पट्टी गंजलेली नाही ना, हे टॉर्चने पाहावे. नव्या पिशव्यांची मापे इंचाच्या ६४ भागांत मोजतात. १६ क्रमांकाची पिशवी म्हणजे सुमारे पाव इंच व्यासाची. पिशवी दांडीत सहज सरकली पाहिजे, भिंतीला घासता कामा नये. योग्य लांबीवर कापून ती खुंटीवर चढवायची आणि चपडा लाखेने चिकटवायची. रात्रभर वाळू दिल्यावर पिशवीला शंखजिऱ्याची पूड फासायची, म्हणजे ती तरफेच्या पट्टीला चिकटत नाही, आणि मगच पेन बंद करायचे.

इथे चपडाच का, हे सांगणे आवश्यक आहे. बाजारात त्याहून कितीतरी घट्ट चिकटणारे पदार्थ मिळतात, आणि नेमके म्हणूनच ते निरुपयोगी आहेत. चपडा लाख थोड्या उबेने मऊ होते. वीस वर्षांनी ही पिशवीही कडक होईल तेव्हा दुसरा कोणी हाच सांधा विनासायास उघडू शकेल. झटपट डिंकाने जोडलेला पकडीचा भाग मात्र फोडूनच काढावा लागतो. अमेरिका आणि इंग्लंडच्या पेन कारखान्यांनी जे चिकटद्रव्य वापरले त्याचा कच्चा माल बहुतांशी भारतातूनच जात असे, हा यातील एक गमतीचा भाग. कुसुम, पळस, बोर या झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यापासून मिळणारे हे द्रव्य. आजच्या झारखंड-छत्तीसगडच्या पट्ट्यात त्याचे मोठे उत्पादन होते, आणि त्यावरील संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये संस्था स्थापन झाली. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही याच लाखेच्या. रंगांच्या दुकानात चपड्याचे पिवळसर पापुद्रे आजही मिळतात. स्पिरिटमध्ये दाट विरघळवून घेतले की काम भागते.

निबेचे काम सर्वांत शेवटी, पेनातून पाणी व्यवस्थित वाहते याची खात्री झाल्यावर. कागदावर खरखर करणाऱ्या निबेला लोक आधी पॉलिश कागदावर घासतात. खरखरीचे कारण बहुधा खडबडीतपणा नसतो. चिरेच्या दोन पात्यांपैकी एक केसभर वर किंवा खाली गेलेली असते. भिंगातून पाहत, वर गेलेली पाती नखाने हळूच खाली दाबावी, पुन्हा पाहावे. एवढ्यानेच निब गुळगुळीत चालू लागते. घासून टोक अति गोल केले तर चिरेच्या आतील कडा कागदापासून उचलल्या जातात आणि पहिली रेघ उमटतच नाही. घासलेला मणी परत वाढवता येत नाही.

किती उजळावे

पेन लिहू लागल्यावर ते नव्यासारखे दिसावे असा मोह होतो, आणि जाणकारांत खरा मतभेद आहे तो याच ठिकाणी. जुन्या एबोनाइटवर यंत्राने उठवलेली नागमोडी नक्षी आणि कंपनीची बारीक अक्षरे असतात. पॉलिशचे चाक लावले की दांडी आरशासारखी चमकते आणि अक्षरे पुसट होतात. ती गेली की ते पेन कोणाचे, कधीचे, कुठले, याचा पुरावाच जातो. संग्राहकांच्या व्यवहारात अशा गुळगुळीत पेनाची किंमत डागाळलेल्या पण अक्षरे शाबूत असलेल्या पेनापेक्षा कमी होते, आणि ते योग्यच आहे. मऊ कापड, हवे तर अगदी सौम्य पॉलिश, तेही अक्षरांचा भाग वगळून, ही मर्यादा पुरेशी आहे. तपकिरी पडलेल्या एबोनाइटला काळा रंग फासणे ही तर सरळ फसवणूकच. विकताना ते न सांगितल्यास ग्राहकाचेही नुकसान होते.

दुसरा प्रश्न नावांचा आहे. मॅट्रिक झाल्याबद्दल, नोकरी लागल्याबद्दल, लग्नात किंवा निवृत्तीच्या निरोप समारंभात पेन भेट देण्याची पद्धत भारतभर होती, आणि पेनांचे दुकानदार दांडीवर नाव व तारीख कोरून देत. बाजारात आलेल्या अशा पेनांवर कोणा अनोळखी माणसाचे पूर्ण नाव, कधी कचेरीचे, कधी शाळेचे नाव असते. पाश्चात्त्य बाजारात अशा कोरीव नावामुळे किंमत घटते, म्हणून विक्रेते ते घासून काढतात. इथेही तसे सुरू झाले आहे. घासलेल्या जागी दांडी किंचित चपटी लागते. बोट फिरवल्यावर ते कळते. एखाद्या तालुक्याच्या शाळेने १९५८ साली आपल्या शिक्षकाला दिलेले पेन हे त्या शाळेच्या इतिहासाचा कागदाइतकाच पक्का पुरावा असू शकते. पेन विकत घेणाऱ्याला त्या नावाचा उपद्रव काहीच नाही. ते राहू द्यावे.

ज्याला स्वतः हात घालायचा नाही त्याने दुरुस्तीकाराकडे जावे. पूर्वी प्रत्येक मोठ्या शहरात पेनांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून निब बदलून देणारा कारागीर असे. ते आता विरळ झाले आहेत, तरी जुन्या पेठांतील पेनांच्या दुकानांत चौकशी केल्यास कोणी ना कोणी सापडतो. काम देण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पिशवी कशाने चिकटवणार, आणि दांडीला पॉलिश करणार का? उत्तरात चपड्याचे नाव आले आणि ‘सांगितल्याशिवाय नाही’ असे ऐकू आले तर पेन निर्धास्त सोपवावे. जुने भाग परत मागून घ्यावेत, विशेषतः निब बदलली असेल तर.

दुरुस्त झालेल्या पेनात कोणती शाई भरायची हेही महत्त्वाचे. चित्रकारांची इंडियन इंक भरू नये. तिच्यातील काजळी आणि लाख जिभेच्या चऱ्यांत कायमची बसते. न पुसणाऱ्या, चमकीच्या किंवा रंगद्रव्याच्या शायाही जुन्या पेनासाठी नाहीत. पाण्याने धुतली जाणारी साधी निळी शाई उत्तम; फिकट रंगाच्या किंवा पारदर्शक दांडीत लाल आणि जांभळी टाळावी, कारण त्यांचे डाग जात नाहीत. पेन आठवडाभर वापरात येणार नसेल तर शाई ओतून द्यावी, पाणी भरून दोनदा काढावे, आणि टोपण सैल ठेवून निब वरच्या बाजूला राहील असे ते उभे ठेवावे.